पहिल्या घासाची गोळी

माझ्या दोन्ही किडन्या बाद झाल्या तेव्हा गावाने ते फारच शांतपणे घेतलं. किडनी कुणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची हळहळ किती करणार? पण पुढे दोनेक वर्षांनी मी लंगडायला लागलो आणि अख्खं रोहिणखेड खडबडून जागं झालं. माझं फळांचं दुकान भर रस्त्यावर. समोरून जाणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या पायाकडे बघायचा, मग केळ्यांकडे, मग पुन्हा पायाकडे, आणि केळी न घेता सल्ला देऊन पुढे जायचा.

सल्ले मी मनावर घेतले नाहीत. मनावर घेतली ती खुर्ची. बाहेरगावची माणसं फोटो काढायला येतात ती आमची जुनी दगडी मशीद वेगळी. मी सांगतोय ती मोहल्ल्यातली, साध्या फरशीची. तिच्यात शेवटच्या ओळीला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. ज्यांना गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावता येत नाही, म्हणजे सजदा करता येत नाही, ते त्या खुर्चीवर बसून नुसते पुढे झुकतात. धर्माची त्याला पूर्ण मोकळीक आहे. हरकत होती ती माझी. एका जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाला, मी पोचलो तर माझ्या नेहमीच्या जागेमागे एक खुर्ची आधीच आणून ठेवलेली. कुणी ठेवली ते कुणी सांगेना, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर मला जहागीर बहाल केल्याचा भाव होता. मी ती उचलून भिंतीला लावली, खाली बसलो, सजदा केला, आणि उठताना जांघेतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्याला वाटलं, काय हा भक्तिभाव! मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

माझं मागणं तसं मोठं नव्हतं. नवीन किडनी मिळावी असं मी कधी मागितलं नाही. गेलेली साखर, गेलेली नजर, गेलेली सीताफळं (फळवाल्याला फळं बंद, ही वरच्याची विनोदबुद्धी) हे सगळं मी मुकाट सोडलं होतं. मला फक्त जमिनीवर बसून नमाज पढायची होती, आणि पढून झाल्यावर आपल्या आपण उठायचं होतं.

आठवड्यातून तीनदा मी मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला डायलिसिसला जातो. त्या दिवशी दुकान बायको सांभाळते, आणि माझ्यापेक्षा जास्त गल्ला जमवते. याची ती वाच्यता करत नाही, एवढा तिचा मोठेपणा. सेंटरवर हातात दोन सुया टोचतात, मशीन चार तास रक्त धुतं, आणि मी छताकडे बघत पडतो. परतीच्या प्रवासात घाटाची वळणं माझ्या एकेका हाडाची विचारपूस करतात.

महिन्यातून एकदा किडनीच्या डॉक्टरीणबाई येतात. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांना दुखण्याचं सांगितलं तर त्यांनी विचारलं, "काका, अंगाला खाज सुटते का?" मला वाटलं, मी हाडाचं बोलतोय आणि या खाजेचं काय काढून बसल्या. पण दोन्हींचं मूळ एकच निघालं. अन्नातून येणारा फॉस्फरस चांगली किडनी बाहेर टाकते. माझी टाकत नव्हती. तो रक्तात साचला की गळ्यातल्या मुगाएवढ्या चार ग्रंथी बिथरतात, आणि हाडांना हुकूम सोडतात की कॅल्शियम काढा बाहेर.

"हाड म्हणजे दगड नव्हे," त्या म्हणाल्या. "तिथे रोज काम चालू असतं. काही मजूर जुनं पाडतात, काही नवं बांधतात. तुमचे पाडणारे सुटलेत."

"मग मशीन कशाला आहे?" मी जरा गुर्मीतच विचारलं.

"मशीन काढतं की. पण आठवड्यातून तीनदाच. तुम्ही घाट उतरेपर्यंत अंगात दडलेला फॉस्फरस पुन्हा रक्तात येतो. शिवाय तुम्ही जेवता रोज."

जेवणं हा आता गुन्हाच झाला होता. त्यावर उपाय म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या. ही गोळी पहिल्या घासाबरोबर चावून खायची. ती अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवते. जेवणाआधी घेतली तर तिला धरायला काही नसतं, आणि तासाभराने घेतली तर माल निघून गेलेला असतो. फळबाजारात उशिरा पोचणाऱ्याचं काय होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. निदान माझी तशी समजूत होती.

इथे माझ्या दोस्ताला आणायला हवं. गावातलाच शेतकरी, घरी एक म्हैस. आमची शाळा एक, मास्तरांचा मार एक, आणि पुढे साखरेचा आजारही एक. त्याच्या किडन्यांनी माझ्या मागोमाग काही महिन्यांत मान टाकली. मशीन कसं असतं ते बघायला तो एकदा माझ्यासोबत सेंटरवर आला, सुया बघितल्या आणि बाहेर जाऊन उभा राहिला. घाट उतरेपर्यंत त्याचा निर्णय पक्का झाला होता.

"मले नाही जमत बे हे. मी घरीच बॅग लावतो."

बॅग म्हणजे पोटाचं डायलिसिस. पोटात एक नळी बसवतात, तिच्यातून औषधी पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं आणि घाण घेऊन आलेलं पाणी बाहेर काढायचं, दिवसातून चारदा. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्यासाठी घरातली एक खोली चुना मारून पांढरीधोप केली. बॅग बदलताना त्या तोंडाला फडकं बांधून दारात उभ्या राहायच्या आणि माशीलासुद्धा आत सोडायच्या नाहीत. मी तिला ऑपरेशन थेटर म्हणायचो. तो मला एस्टीचा पासवाला म्हणायचा.

त्यानंतर आमच्यात जी स्पर्धा लागली ती शाळेतही लागली नव्हती. मशीन भारी की बॅग? संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून आम्ही रक्ताचे आकडे असे सांगायचो, जसे बाकीचे लोक कापसाचा उतारा सांगतात. माझं दुखणं ऐकून तो खूश व्हायचा असं मी म्हणणार नाही, पण त्याला त्यातून बळ यायचं एवढं खरं.

"माह्या हाडाले काहीच नाही होत. बॅगवाल्याचं हाड शांत राह्यते. तुह्यी मशीन हाडं घुसळून राह्यली."

आणि मग त्याचं मन द्रवायचं. माझ्या हाडांच्या काळजीने त्याने म्हशीच्या दुधाचा लोटा रोज माझ्या घरी पाठवायला सुरुवात केली. हाड म्हटलं की दूध, याबद्दल आमच्या गावात हिंदू-मुसलमान, म्हातारे-तरुण, कुणाचंही दुमत नाही. मेहकरची माझी मोठी बहीण, आपा, ती मागे कशी राहील? तिने एस्टीने पायाचा रस्सा पाठवायला सुरुवात केली. बकऱ्याचे पाय रात्रभर शिजवून काढलेला, वाटीत थिजून जाणारा. बकऱ्याचं हाड खाल्लं की माणसाचं हाड जुळतं हे शास्त्र इतकं उघड आहे की कॉलेजात कुणी शिकवत नाही. मी सकाळी दूध प्यायचो, रात्री पाया, आणि माझ्या हाडांची घरबसल्या कशी चंगळ चाललीय याचा अभिमान बाळगायचो.

पुढच्या महिन्यात दोस्तही तपासणीला माझ्यासोबत आला होता. डॉक्टरीणबाईंनी माझा फॉस्फरसचा आकडा बघितला आणि पेन खाली ठेवलं.

"दूध पिता?"

"हाडांसाठी," मी म्हणालो.

"आणखी काय हाडांसाठी?"

मी पायाचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. दूध आणि हाडांचा रस्सा, दोन्हींत फॉस्फरस. मी हाडं वाचवायला जे जे गिळत होतो ते हाडं पाडणाऱ्या मजुरांची न्याहारी होती. दोस्त शेजारी बसून गालात हसत होता, ते बाईंनी बघितलं आणि त्याचा रिपोर्ट पुढे ओढला.

"तुम्ही काय घेता, काका?"

त्याने मोठ्या ऐटीत सांगितलं की दूध तर आहेच, वर मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्याही आणतो, स्वतःच्या अकलेने. बाई म्हणाल्या, बॅगेच्या पाण्यातही कॅल्शियम असतं, ते दिवसभर थोडंथोडं अंगात जातं. वर या गोळ्या, वर दूध. एवढं झालं की गळ्यातल्या त्या ग्रंथी झोपी जातात, आणि त्यांच्यामागे हाडही झोपतं.

"यांचे मजूर नुसतं पाडत सुटलेत," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आणि तुमचे पाडणारे-बांधणारे दोघेही झोपलेत. दुखत नाही म्हणून बरं आहे असं समजू नका. झोपलेलं हाड पटकन मोडतं आणि लवकर जुळत नाही. सगळ्याच मशीनवाल्यांचं, सगळ्याच बॅगवाल्यांचं असं होतं असं नाही. पण तुमचं दोघांचं झालंय."

बाहेर आल्यावर दोस्त म्हणाला, "तुह्ये मजूर कामाचे तरी हायेत बे. माह्ये सरकारी दिसतात."

दूध बंद झालं, पाया बंद झाला, त्याच्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद झाल्या आणि त्यालाही माझ्यासारखीच पहिल्या घासाची गोळी सुरू झाली, फक्त कॅल्शियम नसलेली. घरी माझी गोळी कधी चुकली नाही; ताटाआधी बायको ती हातावर ठेवायची. तरीही माझा आकडा उतरेना. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या, बदलल्या, बॅगचा विचार करा म्हणाल्या. आता नीट आवरलं नाही तर खुब्याचं हाड मोडू शकतं, असंही स्पष्ट सांगितलं. खुबा मोडला म्हणजे खुर्ची, तीही आयुष्यभराची. मी मान हलवली आणि कुठे पाणी मुरतंय ते त्यांना सांगितलं नाही, कारण ते मला माहीत होतं.

ते मुरत होतं दस्तरखानावर, म्हणजे लोकांच्या घरच्या पंगतीत. फळवाल्याला आमंत्रणं फार. लग्न, वलीमा, बारसं, मौत. ज्याच्या घरी फळं माझ्याकडून गेली त्याच्या घरी मी जेवायला गेलोच पाहिजे. आणि आमच्याकडे यजमानाने मांडलेल्या अन्नासमोर बसून, बिस्मिल्ला म्हणून, पहिल्याच घासाला खिशातून गोळी काढायची म्हणजे काय? म्हणजे तुमच्या अन्नाने मला काहीतरी होणार, मी बंदोबस्त करून आलोय. एका घरी मी ती काढली तर वाढणारी म्हातारी पळी हातात धरूनच थांबली. "आमच्या हातचं बाधते का तुले?" साऱ्या पंगतीने माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून मी बाहेर निमूट जेवायचो आणि घरी जाऊन, सगळं जिरल्यावर, गोळी चावायचो. फॉस्फरस निघून गेलेला, पण इज्जत शाबूत. हाडं पोखरली तरी चालतील, पण वाढणाऱ्याचा हात थांबता कामा नये, असे आम्ही घरंदाज लोक.

हे फुटलं आपाच्याच घरी. तिच्या नातवाचा अकीका होता, म्हणजे बाळाच्या नावाने द्यायचं जेवण. दोस्तालाही बोलावणं होतं. तो आपाला शाळेपासून ओळखतो. सकाळची बॅग घरी करून तो निघाला, दुपारच्या बॅगेसाठी आपाने एक अख्खी खोली रिकामी केली, फरशी पुसून घेतली, बॅग टांगायला खिळा ठोकला आणि पोराटोरांना हाकलून दिलं. एवढ्या मोठ्या मनाची ती बाई. मग आम्ही जेवायला बसलो. माझ्यापुढे बिर्याणी, त्याच्यापुढे वेगळी शिजवलेली वरणपोळी. मी हात घातला, आणि शेजारून खिशातली गोळ्यांची पट्टी कराकरा फोडल्याचा आवाज आला.

त्याने गोळी तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवली. "आपा, हे पह्यल्या घासासंग खा लागते. तुमच्या वरणाले काही नाही झालं, माह्याच नळीत गडबड हाये." मग माझ्याकडे वळला. "तुह्यी कुठं हाये बे?"

मी डोळे मोठे केले. त्याला डोळ्यांची भाषा कधीच कळली नाही.

"घरी जाऊन खातो," मी पुटपुटलो.

"घरी? तिथं काय गोळीलेच जेवाले बसवतं?" त्याने माझ्याकडे नीट बघितलं, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "हाव! म्हणून तुहा आकडा उतरून नाही राह्यला! आपा, हा माणूस तुमची इज्जत ठेवाले लंगडा होऊन राह्यला."

जिने परक्या माणसाच्या पोटातल्या पाण्यासाठी खोली रिकामी केली होती तिला या चिंचोक्याएवढ्या गोळीचा राग आला. आपा उठून आत गेली. घरात आम्ही आमची उर्दू बोलतो, तिचं बोलणं इथे मराठीत लिहितो. आतून ऐकू आलं, "माझ्या हातचं खाताना लपवतो. मी काय परकी आहे?" संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. रात्रीचं जेवण तिने स्वतः वाढलं. दोघांच्या ताटात आधी एकेक गोळी ठेवली, आणि माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "आधी ते चाव. मग माझ्या सालनाला हात लाव." पुढे तिने साऱ्या नात्यात असा काही डंका पिटला की मी कुठेही जेवायला गेलो तरी माझ्याआधी गोळीची चौकशी व्हायची. एका लग्नात तर यजमानाने मला माइकवरून आठवण करून दिली.

आकडा उतरू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडांना घाई नसते, वेळ लागेल. दुखणं गेलं नाही, पण जुम्म्याला उठताना डोळ्यांत पाणी यायचं कमी झालं, आणि माझ्या भक्तिभावाची कीर्तीही त्याबरोबर ओसरली. खुर्ची मात्र कुणीतरी दर वेळी इमानेइतबारे माझ्यामागे आणून ठेवायचं आणि मी ती भिंतीला लावायचो.

मग थंडीत दोस्त मोडला. पडला असं म्हणता येणार नाही. सकाळी म्हशीपाशी वाकला, तोल गेला आणि नुसता खाली बसला. बसता बसता खुब्याचं हाड मोडलं. म्हशीलासुद्धा आवाज आला नाही, असं तो नंतर सांगायचा. बुलढाण्याला ऑपरेशन झालं, सळई बसवली, पण झोपलेलं हाड सळईने जागं होत नाही. दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या वेळेवर सोडूनही मजूर कामावर परतले नव्हते. मला त्याचा राग आला, म्हशीचा राग आला, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली. माझ्याऐवजी तो, असा विचारही मनात येऊन गेला, आणि त्याची लाज वाटली.

आता मी रोज दुकान बंद करून त्याच्याकडे जातो. तो पांढऱ्या खोलीत बाजेवर, डोक्यावर बॅग टांगलेली. मी बाजेशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. होय, खुर्चीवर. त्याने ती संधी सोडली नाही. "मशिदीतली तुले नोको, अन् माह्या घरातली चालते?" वहिनी दोघांना थोडी भाकर-भाजी वाढतात आणि ताटाच्या कडेला गोळ्या ठेवतात. आम्ही दोघं एकदमच चावतो.

परवा जेवून उठतच होतो तर मगरिबची, दिवस मावळतीची, अजान झाली. मी मशिदीकडे निघालो.

"कुठं चालला बे? इथंच पढ. मी कोणाले सांगत नाही."

वहिनींनी धुतलेली सतरंजी आणून टाकली. दिशा विचारावी लागली नाही, त्यांनी ती पश्चिमेलाच टाकली होती. मी नमाज पढलो. सजदे नीट झाले. शेवटचा सलाम फिरवून नमाज संपल्यावर उठायला गेलो तर खुबा धरला. एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर, आणि मी तिथेच अडकलो. वहिनी आत होत्या. खुर्ची हातभर लांब होती.

बाजेवरून एक हात खाली आला. नुसती कातडी आणि हाडं. तीही कसली हाडं ते आम्हा दोघांनाही ठाऊक.

"धर," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. चांगला घट्ट धरला, पण त्याच्यावर गुंजभरही भार टाकला नाही. दुसऱ्या हाताने सतरंजी दाबली, दात आवळले, आणि जी कळ आली ती येऊ देत माझा मीच उठलो. उभा राहिलो तेव्हा घाम फुटला होता आणि त्याचा हात अजून माझ्या हातात होता.

त्याने तो मागे घेतला, उशीवर मान टेकली आणि छताकडे बघून हसला.

"पाह्यलं? बॅगवाल्याच्या हाडात अजून दम हाये."

एवढ्या वर्षांत मी त्याला एकदाही जिंकू दिलं नव्हतं.

"हाव," मी म्हणालो.